घर-अंगण : हौदाची घरगुती गाळणी

आज माझी एक चूक आधी सांगते. आमच्या परसातल्या हौदातले सात मासे माझ्यामुळे मेले. कारण काय, तर स्वच्छतेची हौस!

जुम्म्याला मशिदीच्या हौदातले मासे पाहून धाकट्याने हट्ट धरला, म्हणून परसातला जुना हौद आम्ही पुन्हा भरला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. म्हणजे साधारण १३५० लिटर पाणी. गाळणी घरीच केली. दोन महिने सगळे छान चालले. ईदला पाहुणे येणार म्हणून मी गाळणीतली प्रत्येक वस्तू नळाखाली घासून लख्ख केली. पाचव्या दिवशी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. मासेवाला दुकानदार म्हणाला, “आपा, तुम्ही गाळणी नाही धुतली, त्यातली वस्तीच उठवली.”

त्याचे म्हणणे असे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. गाळणीतल्या खरबरीत वस्तूंवर राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. म्हणजे गाळणी ही नुसती चाळण नव्हे, जिवाणूंचे घर आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी ते घर रिकामे केले होते.

आता कृती. झाकणाचा १०० लिटरचा प्लास्टिक पिंप घ्या. त्यात पूर्वी औषध किंवा रसायन भरलेले नसावे. हौदाशेजारी भक्कम विटांच्या ओट्यावर तो ठेवा, भरल्यावर फार जड होतो. ताशी १५०० लिटरचा पाण्यात बुडणारा पंप हौदाच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून त्याचा पाइप पिंपाच्या तळाशी सोडा. सगळे पाणी तास-दोन तासांत एकदा गाळणीतून फिरले पाहिजे.

पिंपाचा तळ चार-पाच इंच मोकळा ठेवा. तिथे गाळ बसेल; तो सोडायला खाली एक कॉक बसवा. त्यावर विटांच्या आधाराने भोकांची प्लास्टिकची जाळी ठेवा. जाळीवर पक्क्या भाजलेल्या विटांचे धुतलेले तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून ठेवा. त्यावर भांडी घासायच्या नव्या नायलॉनच्या घासण्या, तारेच्या नकोत. सर्वांत वर स्पंजचा जाड थर. पाणी खालून वर चढते आणि वरच्या नळीतून पुन्हा हौदात पडते. ही नळी आत येणाऱ्या पाइपापेक्षा जाड हवी, नाहीतर पिंप ओसंडतो. पाणी थोड्या उंचीवरून पडू द्या, त्याने हवा मिसळते.

मग सबुरी. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे सोडा आणि चार-पाच मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या.

पुढचे नियम मी किंमत मोजून शिकले. स्पंज धुवायचा तो हौदाच्याच पाण्यात, बादलीत पिळून. विटा आणि घासण्या त्याच दिवशी धुवू नका. साबण अजिबात नाही. नळाचे पाणी उघड्या टाकीत एक दिवस राहू देऊन मग थोडे थोडे घाला. वीज वाचते म्हणून रात्री पंप बंद करू नका. जिवाणूंना वाहत्या पाण्यातूनच प्राणवायू मिळतो. वीज बरेच तास गेली, तर पिंपातले साचलेले पाणी आधी झाडांना सोडा, मग पंप लावा.

पाणी हिरवे झाले तर दोष गाळणीचा नाही, उन्हाचा असतो. निम्म्या हौदावर कमळाच्या पानांची किंवा छपराची सावली करा.

दोन गोष्टी टाळू नका : घरात लहान मूल असेल तर हौदावर मजबूत जाळी, आणि पंपाच्या जोडणीला अर्थिंग व ईएलसीबी. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद.

गाळणीचे गढूळ पाणी आमच्या लिंबाला आणि कढीपत्त्याला चांगलेच मानवले आहे. वाचलेले चार मासे आता वर्षाचे झाले. या ईदलाही पाहुणे येणार आहेत. मी अंगण झाडीन, हौदाचा काठ घासीन. पण पिंपाचे झाकण उघडणार नाही. मुका जीव आपल्याकडे अमानत असतो. त्याची सोय आपल्या नजरेने नव्हे, त्याच्या गरजेने पाहावी.