घर म्हणजे विश्रांती? कुणाची?

विकास आराखड्याचा नकाशा भिंतीवर लावला की फार निरागस दिसतो. पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा कारखान्यांचा. मग घरात बसून पापड लाटणारी, मूल सांभाळत मोती ओवणारी बाई कुठल्या रंगात? पिवळ्या. म्हणजे ती नुसती 'राहते'!

ही नजर आली कुठून? १९३३ साली युरोपातल्या आधुनिक वास्तुरचनाकारांच्या परिषदेने शहराची चार कार्यं ठरवली : राहणं, काम, करमणूक आणि ये-जा. ल कोर्बुझिए यांनी १९४३ मध्ये ती 'अथेन्सची सनद' म्हणून छापली. (हेच गृहस्थ पुढे चंदीगडचे रचनाकार.) या चारांत स्वयंपाक, पाणी भरणं, आजाऱ्याची उस्तवार कुठे आहे? पुरुष कामावरून परततो ते घर. तिथे बाईची दुसरी पाळी तेव्हाच सुरू होते, हे या विद्वानांच्या गावीही नव्हतं. राहणं एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही त्यांची फाळणी शास्त्र म्हणून जगभर शिकवली गेली.

तिची किंमत कोण मोजतं? मुंबईत २०१७ च्या सुमारास तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून हजारो माणसांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी धाडलं. चार भिंती दिल्या, 'राहणं' झालं! पण चालत जाण्याच्या अंतरावरची धुण्याभांड्याची कामं सुटली, त्याचं काय? २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या प्रदूषणामुळे आणखी कुटुंबं पाठवायला मनाई केली. सुटलेल्या कामांसाठी मात्र कुठल्याच आराखड्यात रकाना नाही.

मुंबईच्या २०१८ साली मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार बायकांची निवासस्थानं, आधार केंद्रं यांना जागा मिळाली. कुणी मेहेरबानी केली नाही. बायकांच्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, सूचना लिहिल्या. पण आरक्षणं हा शेवटचा टप्पा झाला. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखड्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो. खरी चोरी तिथेच होते. जे तिथे दिसत नाही, त्याच्यासाठी पुढे जागा मागायची कशाच्या जोरावर?

तेव्हा मैत्रिणींनो, हरकतींची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. तुमच्या शहराचा आराखडा नव्याने व्हायचा असेल तर आधीच वस्तीचा नकाशा काढा. कुठल्या घरात कसलं काम चालतं, नळ कुठे, संडास किती लांब, मूल कुणाकडे ठेवतात, भाजीवाली कुठे बसते, सगळं त्यावर मांडा. नगररचना कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.