विषमज्वराच्या जंतूची शेपटी

विषमज्वराच्या ‘विडाल’ तपासणीचा कागद तुम्ही पाहिला असेल. त्यावरील ‘एच’ म्हणजे जंतूच्या शेपटीचे प्रथिन. शेपट्या फिरवून हा जंतू पोहतो.

शेपटी बांधण्याची त्याची रीत पाहा. आधी अंगाच्या आवरणात मोटार बसते, मग तिला पोकळ आकडा. पुढच्या शेपटीला प्रथिनाचे हजारो नग लागतात. आकडा अपुरा असताना ते तयार केले तर खर्च वाया. म्हणून शेपटीचे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाला दुसरे एक राखणदार प्रथिन धरून ठेवते. आकडा पुरा झाला, की राखणदार त्याच पोकळीतून बाहेर फेकला जातो आणि जनुक चालू होते. 1993 साली केली ह्यूज व सहकाऱ्यांनी या जंतूच्या भाऊबंदात हे दाखवले. (विहिरीला पाणी लागण्याआधीच पाइप आणून टाकणारे आपल्यात आहेतच!)

शेपटीविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्ये ताप गेल्यावरही बरेच दिवस रक्तात राहतात. म्हणून नुसता ‘एच’ वाढलेला पाहून दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांना रक्ताच्या कल्चरबद्दल विचारा. औषध सुरू होण्याआधी रक्त दिलेले बरे.