आधी जहाज शोधा, मग पणजोबा

वंशावळीचं वेड आपल्या मंडळातही चांगलंच पसरलं आहे. पण रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या ज्या घरांतले पणजोबा ‘बोटीवर’ होते, त्यांची गाडी फार लवकर अडते. संगणकात पणजोबांचं नाव टाकायचं, काही निघालं नाही की विषय बंद. माझ्या मते नावामागे धावणं हीच चुकीची वाट आहे. जहाज शोधावं.

खलाशाचं नाव कारकून कानाला येईल तसं लिहायचा. आडनाव बहुधा नसेच. स्वतःचं नाव आणि बापाचं, बस्स. एकेका यादीत दोन-तीन इब्राहिम इस्माईल सापडले तर नवल नाही. गावाचीही तीच गत. बाणकोटला साहेबानं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ करून ठेवलेलं. त्यात आपल्या खलाशांचे करार गोऱ्या नाविकांपेक्षा वेगळे, त्यामुळे जहाजाची एक यादी हाती आली म्हणून सारंग-टंडेल त्यात असतीलच असं नाही.

जहाज मात्र असं हरवत नाही. 1855 पासून ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांना अधिकृत क्रमांक मिळू लागला. मालक बदलो, नाव बदलो, नोंदणी ब्रिटिश आहे तोवर क्रमांक तोच. तो मिळाला की लॉइड्स रजिस्टरमध्ये बांधणी आणि मालक सापडतात, लॉइड्स लिस्टमध्ये कुठल्या बंदरात कधी आलं-गेलं ते. खलाशांच्या याद्या सगळे लंडनमध्ये शोधतात, पण 1863 ते 1938 च्या सुमारे 70 टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत! उरलेल्यांतला काही भाग ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात, तर 5 नं संपणाऱ्या बहुतेक वर्षांचा ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. त्यातल्या 1915 च्या याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात.

त्याच वर्षीचं ‘पर्शिया’ घ्या. पी अँड ओ कंपनीची ही बोट मुंबईकडे येत असताना 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीनं बुडवली. जेवणाची वेळ होती; काही मिनिटांत सगळं संपलं. 519 जणांपैकी 343 गेले. त्यातल्या एलिनॉर थॉर्नटन आजही प्रसिद्ध आहेत, कारण रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची पुतळी त्यांच्यावरून घडवली असं म्हणतात. कपूरथळ्याचे महाराज मार्सेलला उतरल्यामुळे वाचले, तेही लोकांना ठाऊक आहे. डेकवरच्या खलाशांबद्दल कुणाला विचारून बघा. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या नाविकगृहात आहे, आणि सुट्टीला मुंबईत गेलेले आपण ते न बघताच मॉलमधून परत येतो.

‘घरी कागदच नाहीत’ हे मला पटत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत खलाशाची चोपडी असते, निदान पगाराची एखादी चिठ्ठी तरी. गावी फोन केला की भाऊबंद पहिल्या पानाचा फोटो पाठवतात, कारण त्यावर चेहरा असतो. आपल्याला हवीत मागची, शिक्क्यांची पानं. जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा, आणि नशीब असेल तर क्रमांकसुद्धा तिथेच. गोव्याच्या मंडळींनी धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबातही विचारावं.

न्यूफाउंडलंडहून प्रती मागवायला पैसे पडतात. तो खर्च मंडळानं उचलावा. गणपतीच्या मखरावर आपण हात आखडता घेत नाही.