लंडन वर असते हो!

लंडनला निघालेल्या माणसाला जितके सल्ले मिळतात, तितके आमच्याकडे सासरी निघालेल्या मुलीलाही मिळत नसतील. स्वेटर न्या, मेतकूट न्या, औषधांची चिठ्ठी न्या. पण या सगळ्या माळेचा मेरुमणी एकच. "मामा, फिरण्याची काळजीच नको. ट्यूब आहे ना!" हे सांगणारा बहुधा तिकडे घर घेतलेला भाचा किंवा पुतण्या असतो, आणि तो रोज त्याच ट्यूबने कचेरीत जात असतो.

तिथेच तर सगळी गोम आहे. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तीच मुळी रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या कोंडीतून कामकरी माणसाला सोडवायला. कामावर वेळेत पोचायचे असेल तर ट्यूबसारखी सोय नाही, हे मी शंभरदा मान्य करीन. पण पाहुण्याला कुठल्या मस्टरवर सही करायची असते हो? तो आलेला असतो लंडन बघायला. आणि त्याला आपण नेऊन सोडतो कुठे, तर जिथून लंडन दिसत नाही अशा त्या गावातल्या एकमेव जागी! बळीराजाला निदान वामनाने डोक्यावर पाय ठेवून पाताळात ढकलले होते. आपण पैसे मोजून जातो.

आता कोणी जाणकार म्हणेल, की निम्म्याहून अधिक ट्यूब जमिनीवरूनच धावते. धावते ना! पण कुठे, तर उपनगरांत, लोकांच्या परसदारांमागून. बघण्यासारखे काही सुरू झाले रे झाले, की ती नेमकी बिळात शिरते. मग परत आल्यावर आमचे प्रवासी सांगतात, "बेकर स्ट्रीट केलं, बॉन्ड स्ट्रीट केलं, ग्रीन पार्क केलं, वेस्टमिन्स्टर केलं." हे लंडन नव्हे महाराज, ही ज्युबिली लाइनची स्टेशने झाली, आणि तीही ओळीने.

त्यात तो नकाशा. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ साली तो काढला आणि १९३३ साली तो लोकांच्या हातात पडला. सरळ रेघा, सुबक कोन, विजेच्या जोडणीच्या आकृतीसारखा. दिसायला इतका देखणा, की लोक तो टी-शर्टवर छापून मिरवतात. पण त्यात अंतराचा हिशेब नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशने एकमेकांपासून जेमतेम २६० मीटरवर आहेत. आपल्याकडे एवढ्या अंतरावर माणूस चपला अडकवून कोथिंबीर आणायला जातो. पण नकाशात ती दोन स्वतंत्र स्टेशने दिसली, की पाहुणा तिकडे खाली उतरतो, गाडीची वाट बघतो, एक स्टेशन जातो आणि इकडे लिफ्टच्या रांगेत उभा राहतो. रांगेला कंटाळून जिना धरलाच, तर १९३ पायऱ्या. म्हणजे पर्वती चढायची, तीही एका नळकांड्यातून आणि वर देवदर्शन नाही!

थट्टा बाजूला ठेवतो. मुलाकडे सहा-सहा महिने राहायला गेलेले आईबाप मी पाहिले आहेत. गुडघे साठी ओलांडलेले. सरकत्या जिन्याचा धसका, गाडी बदलायची धास्ती, चुकलो तर विचारणार कोणाला हा घोर. ट्यूबच्या २७२ स्टेशनांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शात पायऱ्या न चढता-उतरता रस्त्यापर्यंत येता येते. मुलगा म्हणतो, "शनिवारी नेईन." शनिवारी त्याला काम निघते. आणि ही दोघे सहा महिने खिडकीतून शेजाऱ्याचे कुंपण बघून परत येतात. दारात बस थांबत असते, पण तिच्याविषयी त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, कारण चिरंजीव स्वतः बसने जात नाहीत.

अहो, लंडनची बस! नेहमीच्या मार्गांवरची कुठलीही घ्या, पायरी फुटपाथाला लागते. कंडक्टरची जुनी रूटमास्टर २००५ साली नेहमीच्या मार्गांवरून गेली, त्याचे दुःख मलाही आहे, पण गुडघ्यांना नाही. फक्त सुटे पैसे काढू नका. २०१४ पासून बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड टेकवायचे. आणि एकदा टेकवले की तासाभरात हव्या तेवढ्या बसेस बदला, भाडे एकच. चेअरिंग क्रॉसहून १५ नंबर धरा. स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सचा घुमट आणि टॉवर ऑफ लंडन, सगळे बसल्या जागी पुढ्यात येते. ३१ नंबरने अ‍ॅडलेड रोडला उतरलात, तर मागच्याच किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचे घर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली शिकत असताना तिथे राहिले. पुढे महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले.

"पण मामा, बस रखडते!" रखडते, कबूल. ट्रॅफल्गर स्क्वेअरपाशी बस दहा मिनिटे अडकली, तर नेल्सनकडे दहा मिनिटे बघायला मिळते. भुयारात गाडी अडकली तर काय बघायचे, समोरच्याचे बूट?

वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मात्र सोडू नका. तिच्यावर तिथल्या पोरांचा डोळा असतो. ती रुसतील. रुसू द्यात, त्यांना अजून पुष्कळ वर्षे मिळायची आहे.