मशीन श्वास देतं, वाट मोकळी ठेवते सिस्टर

‘व्हेंटिलेटर’ हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी पोचला तो २०२०-२१च्या करोनाकाळात. तेव्हापासून मशीन मिळालं की माणूस वाचला, असं आपण धरूनच चालतो. त्या मशीनशेजारी उभ्या असलेल्या बाईकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींना न्यूमोनिया झाला. अकोल्याच्या एका दवाखान्यात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. सुनेच्या सोबतीला मी गेले होते. भेटीच्या वेळी आम्ही आत असतानाच सिस्टरनं आजींच्या तोंडातल्या नळीत दुसरी बारीक नळी सरकवली. खरखर आवाज झाला, आजींचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मुलगा कळवळून म्हणाला, “सिस्टर, राहू द्या ना आता. मायले लय तरास होते!” सिस्टरनं हात थांबवला नाही. काम झाल्यावर मात्र तिनं आम्हाला शांतपणे समजावलं.

आपल्याला कफ झाला की आपण खोकून टाकतो. श्वासनलिकेत नळी घातलेल्या माणसाला नीट खोकता येत नाही, त्यात बऱ्याचदा झोपेचं औषध चालू असतं. मग कफ नळीतच साचतो, सुकतो. ठिबकच्या नळीत क्षार साचले की मोटार चालू असूनही झाडाला पाणी पोचत नाही ना, अगदी तसंच! मशीन चालू आणि माणूस गुदमरलेला. म्हणून तो कफ ओढून काढावा लागतो. त्यालाच सक्शन म्हणतात.

दिसतं तेवढं हे काम सोपं नाही. हात धुऊन, हातमोजे घालून, आधी जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा. आत घालायची नळी मोठ्या माणसासाठी मूळ नळीच्या निम्म्यापेक्षा जाड नको. एका खेपेला पंधरा सेकंदांच्या आत बाहेर यायचं, कारण कफाबरोबर फुफ्फुसातली हवाही ओढली जाते. शिवाय घड्याळ बघून हे करायचं नसतं. छातीतली घरघर, मशीनच्या पडद्यावर करवतीच्या दातांसारखी झालेली रेघ, उतरलेला ऑक्सिजन, यावरून वेळ ओळखायची. उगाच केलं तर आत इजा होते, टाळलं तर नळी बंद पडते.

ही ओळख मशीनला नसते, शिकलेल्या नजरेला असते. म्हणून तर व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असं म्हणतात. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा मशीनं अपुरी पडली. विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशवी हातानं दाबून रुग्णांना श्वास दिला. मशीन कमी पडलं तर हातांनी निभावलं. हात कमी पडले तर नुसतं मशीन काय करणार?

म्हणून दवाखान्यात नवीन व्हेंटिलेटर आले की टाळ्या जरूर वाजवू, पण सोबत एवढंही विचारू, की रात्रपाळीला सिस्टर किती? त्यांना हे काम कुणी शिकवलं? आणि आपलं माणूस आत असेल तर नळीला हात लावू नये, उशाकडून उंच केलेली खाट खाली करू नये आणि सिस्टरचा हात अडवू नये. शंका असेल तर काम झाल्यावर विचारावं.

आजी आता अंगणात ऊन खात बसतात. परवा म्हणाल्या, “त्या पोरीचं नाव काय होतं गं?”

आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.