एका अक्षराची खोट?

वाङ्मय मंडळात आल्यापासून मला सगळ्यात जास्त छळलंय ते ह्रस्व-दीर्घाने. एका लेखात मी ‘शीर’च्या जागी ‘शिर’ लिहिलं. वाक्य झालं, ‘नर्सला हातातलं शिर सापडेना’. बैठकीत सगळे पोट धरून हसले, मीही हसले. वेलांटी दुरुस्त केली आणि विषय संपला.

पण मी बीएससीची विद्यार्थिनी, त्यामुळे माझ्यासाठी तो विषय संपला नाही. अशाच एका अक्षराबद्दल आज लिहायचंय. ते अक्षर खोडरबराने पुसता येत नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं कशी बनतात ते थोडक्यात सांगते. कला शाखेच्या मित्रांनो, पान उलटू नका, हे तुमच्याच ओळखीचं काम आहे. डीएनए हा मूळ ग्रंथ, ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला. तो पेशीकेंद्रकातून बाहेर नेत नाहीत. हव्या त्या जनुकाची नक्कल आरएनएवर उतरवून घेतात, फक्त टीच्या जागी यू येतो. ही नक्कल रायबोसोमकडे जाते. रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचतो आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडतो. तिकड्या ६४, त्यातल्या ६१ अमिनो आम्लांच्या, उरलेल्या ३ म्हणजे पूर्णविराम. अमिनो आम्लं मात्र २०च. म्हणजे एका आम्लाला बरेचदा एकाहून जास्त शब्द. शास्त्रज्ञांनी पहिल्या पायरीला ट्रान्स्क्रिप्शन म्हटलं, दुसरीला ट्रान्सलेशन. नक्कल आणि भाषांतर. दोन्ही शब्द आपल्या मंडळातले!

आता चूक बघू. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी जीएजी अशी तिकडी असते, तिचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. तिचं शेवटचं अक्षर बदलून जीएए झालं तरी अर्थ तोच, शरीराला पत्ताही लागत नाही. पण मधलं अक्षर बदलून जीटीजी झालं की तिथे व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिनला नको असतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. हाच सिकलसेल आजार. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे हे काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅमने शोधलं.

अक्षर बदलण्याऐवजी एखादं गळलं तर? ‘सरळ घरात पळत’ यातला पहिला ‘स’ काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: ‘रळघ रातप ळत’. पुढचं सगळंच बिघडलं. कधी मध्येच पूर्णविराम येतो आणि साखळी अर्धवट राहते. असे बदल बीटा साखळीच्या जनुकात झाले की ती पुरेशी बनत नाही. तो थॅलेसेमिया.

हे सगळं परीक्षेत मी दहा मार्कांना लिहून आले होते. खरं कळलं ते नंतर.

माझी एक मैत्रीण अलिराजपूरकडची, हॉस्टेलला राहते. तिच्या गावात तपासणी झाली, कार्डं मिळाली. तिच्या कार्डावर ‘वाहक’ आलं. म्हणजे तिच्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली. ती आजारी नाही, आमच्याबरोबर बास्केटबॉल खेळते. पण तिच्या आईने बजावलंय, कुणाला सांगू नकोस, धाकटीचं लग्न जमायचंय. तिच्या परवानगीनेच हे लिहितेय. मी घरी ही गोष्ट बोलले तर आत्या पटकन म्हणाली, ‘अगं, त्या लोकांच्या रक्तातच खोट असते.’

मी तेव्हा गप्प बसले. त्याची आज लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात मी स्वतः हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी करून घेतली. शाळेपासून माझं हिमोग्लोबिन कमी, म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, बिटाचा रस प्यायले, फरक शून्य. रिपोर्टमध्ये आलं: बीटा थॅलेसेमिया वाहक. नेमकं कुठलं अक्षर बदललंय ते या चाचणीत कळत नाही. पण जनुक तेच, मैत्रिणीचं आहे तेच. आईबाबांपैकी एकाकडून आलेलं असणार. आत्या रिपोर्ट बघून काही बोलली नाही. चहा टाकायला आत गेली.

तर माझं म्हणणं असं. वाहकाला ‘दोष’ आणि ‘खोट’ हे शब्द लावणं आपण बंद करावं. हे शब्द शास्त्राने दिलेले नाहीत, आपण जोडले आहेत. सिकलसेलचा वाहक असलेल्याला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसनने १९५४ मध्येच मांडलं. ज्या भागांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे अक्षर टिकलं ते याच कारणाने. ती माणसं कमअस्सल होती म्हणून नव्हे.

कुणी म्हणेल, म्हणजे आजार किरकोळ आहे का? अजिबात नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की हाडं फुटल्यासारख्या वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, लहान वयात पक्षाघातसुद्धा. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा असला तरी तितकीच. म्हणून तर तपासणी हवी. आपल्या मध्य प्रदेशातच, शहडोलला, १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. पण ज्या कार्डामुळे मुलीचं लग्न मोडेल, ते कार्ड लोक ट्रंकेच्या तळाशीच लपवणार. निर्मूलन आजाराचं करायचंय, वाहकांचं नाही, हे आधी आपल्याला कळायला हवं.

आणि तपासणी फक्त आदिवासी पाड्यांचीच का? आपल्या घरांत पत्रिकेचे छत्तीस गुण बघतात, रक्ताची ही एक चाचणी कुणी करत नाही. वाहकांनी लग्न करू नये, असं मी म्हणत नाही. दोघांना आधी माहीत असलं तर पुढचं ठरवायला वेळ मिळतो, गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. ही माहिती मिळवायचं वय हेच, आपलं. फक्त निकाल ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात. नोटीस बोर्डावर नको.

मंडळासाठी एक काम सुचवते. वाहक म्हणजे काय, हे एका पानावर साध्या मराठीत लिहू. मग ज्यांना भिली, निमाडी येते त्यांच्याकडून ते त्या भाषांत नेऊ. मैत्रीण भिलीचं करायला तयार आहे. तिची एकच अट: त्यात ‘खोट’ हा शब्द कुठेही नको.

मराठी मसुदा मी लिहितेय. ह्रस्व-दीर्घ तुम्ही तपासा.