समुद्र नाही, हे कारण आता पुरे!

पश्चिम ऑस्ट्रेलियात लेज पॉइंट ते लॅन्सेलिन अशी समुद्रात लांब पल्ल्याची शर्यत होते. शीड लावलेल्या फळीवरचे विंडसर्फर आणि मोठ्या पतंगाच्या ओढीनं पळणारे काइटबोर्डर, सगळे एकत्र. इंजिन नाही, डिझेल नाही, फक्त वारा!

'बुलढाण्यात कुठं समुद्र?' म्हणाल. मग भोपाळला कुठं आहे? तिथल्या मोठ्या तलावावर तयार झालेल्या इबाद अलीनं २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगचं कांस्य आणलं, नेहा ठाकूरनं सेलिंगचं रौप्य.

आपल्याकडं खडकपूर्णा आहे, नळगंगा आहे. पण पाण्याच्या बातम्या म्हणजे आम्ही फक्त पोरं बुडाल्याच्याच लिहायच्या का? आधी पोहणं शिकवा, लाइफ जॅकेट द्या, मग शिडं उभारा. जिल्हा क्रीडा कार्यालय, ऐकताय ना?